प्रोबेटची फाइल शोधताना: ऑर्डरच्या पलीकडचे कागद

टायटल सर्चच्या, म्हणजे मालमत्तेची मालकी तपासण्याच्या, कामात नवीन आलेल्या ज्युनिअरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोबेटची ऑर्डर कुठे मिळेल? प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. त्याची ऑर्डर मिळते हो. पण फाइलमधला सगळ्यात कोरडा कागद तोच. एक-दीड पानात ‘अर्ज मंजूर’ एवढंच त्यात असतं. खरा माल अर्जात, परिशिष्टात आणि बेलीफच्या, म्हणजे कोर्टाची नोटीस बजावणाऱ्याच्या, अहवालात दडलेला असतो. हे लिहितोय ते वकिलीतल्या नवख्यांसाठी आणि आपल्या घराण्याचा किंवा गावाचा इतिहास खोदणाऱ्यांसाठी. दोघांनाही शेवटी त्याच रेकॉर्ड रूमच्या दारात उभं राहावं लागतं.

कुठल्या कोर्टात काय सापडेल, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या २१३व्या कलमामुळे कित्येक दशकं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन शहरांशी संबंधित मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती. मृत्युपत्र मुंबईत केलेलं असो, किंवा गावी केलेलं पण त्यात मुंबईतलं घर असो, हिंदू कुटुंबाला प्रोबेट घ्यावंच लागे. मुसलमानांना ही सक्ती नव्हती. त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाची दादरमध्ये एक खोली असेल, तर त्याच्या मृत्युपत्राची फाइल कोल्हापुरात न मिळता मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टमेंटरी (मृत्युपत्रांच्या) विभागात मिळते. गावचे लोक जिल्हा कोर्टात हेलपाटे घालत बसतात आणि फाइल फोर्टात पडून असते, असं पुष्कळदा होतं.

मुंबईबाहेर चित्र उलटं. तिथे प्रोबेट सक्तीचं नव्हतं, म्हणून त्या फाइली कमी. तिथे भरणा असतो तो वारस दाखल्यांचा. हा दाखला अजूनही १८२७च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिला जातो. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा कायदा, आणि आजच्या अर्जाच्या मथळ्यावर त्याचं नाव तसंच असतं. तिसरा प्रकार सक्सेशन सर्टिफिकेटचा. ते फक्त येणं आणि रोखे यांच्यापुरतं: बँकेतली ठेव, शेअर, प्रॉव्हिडंट फंड. जमीन किंवा घर त्यात शोधू नका. गिरणी कामगारांच्या घरांचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र या फाइली सोडू नयेत. फंडाच्या रकमेसाठी विधवेने केलेल्या अर्जात नवऱ्याची गिरणी, तिथलं कामाचं खातं, गाव, मुलांची वयं असं सगळं एका जागी मिळून जातं.

आता शोधायचं कसं? ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या प्रकरणांच्या, साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण नवखा माणूस तिथे मृताचं नाव टाकतो आणि हात हलवत परत येतो. वारसाच्या प्रकरणात नोंद बहुतेकदा अर्जदाराच्या नावाने होते आणि समोरच्या पक्षाच्या रकान्यात ‘निल’ किंवा ‘सामान्य जनता’ असलं काहीतरी असतं. म्हणून विधवा, थोरला मुलगा, लग्न होऊन आडनाव बदललेली मुलगी अशी अर्जदाराची शक्यता धरून शोधा. स्पेलिंग बदलून बघा, नुसतं आडनाव टाकून बघा. निकाली प्रकरणांची खूणही करायला विसरू नका. एकदा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतःचा नंबर, हाती लागला की पुढचं सोपं.

ई-कोर्ट्सचा प्रकल्प २००७चा. त्याआधीच्या जुन्या फाइली साइटवर सापडतीलच असं नाही. अशा वेळी मी उलट्या बाजूने जातो, आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. कोर्टाची ऑर्डर काढणारा माणूस ती फ्रेम करून भिंतीवर लावत नाही, कुठेतरी वापरतो. म्हणजे तिचा नंबर त्या दुसऱ्या कागदावर उमटलेला असतो. शेतजमीन असेल तर फेरफार काढा. वारस नोंदीच्या फेरफारात ‘दिवाणी न्यायालयाचा किरकोळ अर्ज क्रमांक अमुक, आदेश दिनांक तमुक’ असं तलाठ्याने लिहून ठेवलेलं असतं. त्याच्या जोडीला गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही, बघा. शहरात सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरची फेरफाराची नोंद वाचा. फ्लॅट असेल तर नंतरच्या खरेदीखताची सुरुवातीची पानं वाचा. मालकी कशी आली हे सांगताना वकील प्रोबेटचा नंबर आणि साल हमखास घालतो. सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, हे नसतं, पूर्ण दस्त काढावा लागतो. नंबर आणि साल मिळालं की रेकॉर्ड रूममधला माणूसही तुमच्याशी जरा बऱ्या तोंडाने बोलतो.

मृत्युपत्र कोर्टात कधी गेलंच नसेल, तर दुय्यम निबंधकाकडे बघा. नोंदणीकृत मृत्युपत्रं तिथे पुस्तक क्रमांक तीनमध्ये असतात. करणारा हयात असेपर्यंत नकल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र कुणीही मागू शकतो. मृत्यूचा दाखला सोबत न्या.

फाइल समोर आली की पहिल्यांदा मृत्यूची तारीख टिपा, बाकी सगळं नंतर. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. त्याआधी गेलेल्या माणसाचे वारस वेगळ्या नियमाने ठरतात, त्यानंतर गेलेल्याचे वेगळ्या. सात-बारावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, तर ती जमीन एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरच्या नावावर होती हे लक्षात घ्या. तो एकटा मालक असेलच असं नाही.

मग अर्जातली वारसांची यादी. नाव, वय, नातं, पत्ता. इथे दोन गोष्टी सांगतो. वयं अंदाजाने टाकलेली असतात, त्यावरून जन्मसाल काढू नका. आणि यादीतल्या मुली मोजा. बहिणींना यादीतून गाळायची जुनी खोड आहे. रेशन कार्ड, लग्नपत्रिका, दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाची वारस फाइल यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय ती यादी पुरी मानू नका. अर्जातलं सगळं शपथेवर लिहिलेलं असतं हे खरं, पण ते अर्जदाराचं म्हणणं असतं.

मालमत्तेचं परिशिष्ट सावकाश वाचा. एका जुन्या फाइलीत मी असं वाचलं: गिरगावातली दोन खोल्यांची भाडेकरू जागा, पोस्टाचं पासबुक, सोन्याच्या पाटल्यांचा जोड, तांब्याचा बंब, आणि ‘शिलाई मशीन, जुने, नादुरुस्त’. त्याखालच्या कोष्टकात देणी: डॉक्टरचं बिल, वाण्याची उधारी, अंत्यविधीचा खर्च. कुठल्याही चरित्रात न मिळणारं घर इथे पैन् पै मांडलेलं असतं. किमतीच्या आकड्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर बसते, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात जरा आखडलेलाच असतो.

मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्रही वाचा. कुठे सही झाली, खोलीत कोण होतं, हे त्यात येतं. जिल्हा कोर्टाच्या फाइलीत नोटिशीवरचा बेलीफचा अहवाल असतो. ‘घर बंद, शेजारी सांगतात की इसम मुलीकडे नागपूरला गेला’ अशी एक ओळ कधी कधी हरवलेल्या शाखेचा पत्ता देऊन जाते. कुणी कॅव्हेट (हरकत) टाकून प्रतिज्ञापत्र दिलं असेल तर प्रकरणाचा दावा होतो, नंबर बदलतो आणि फाइल जाडजूड होते. अशी फाइल मिळाली की दिवस मोकळा ठेवा. भांडणाऱ्या भावांनी एकमेकांबद्दल जे लिहिलेलं असतं, ते घरातली कुठलीही आत्या तुम्हाला सांगणार नाही.

या सगळ्यात कायद्याची एक मर्यादा ज्युनिअर मंडळी विसरतात. प्रोबेट कोर्ट मृत्युपत्र खरं आणि रीतसर केलेलं आहे का, एवढंच ठरवतं. त्यात लिहिलेलं घर मृताच्या मालकीचं होतं का, हा प्रश्न त्या कोर्टापुढे नसतोच. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५४मध्येच स्पष्ट केलं आहे. सर्च रिपोर्टमध्ये ‘प्रोबेट आहे, सबब मालकी स्पष्ट’ असं लिहिलेलं दिसलं की मी तो रिपोर्ट तिथेच बाजूला ठेवतो.

गोव्याचं काम आलं तर हे बरंचसं विसरून जा. तिथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा आहे आणि मृत्यूनंतर कोर्टात इन्व्हेंटरीची कारवाई चालते. मालमत्तेची यादी आणि वाटणी एकाच फाइलीत सापडते. मृत्युपत्रं नोटरीच्या पुस्तकात असतात आणि जुने कागद पोर्तुगीजमध्ये. तिथला स्थानिक वकील गाठल्याशिवाय पाऊल टाकू नका.

नकलेबद्दल शेवटचं. तुम्ही पक्षकार नसाल तर नकल का हवी याचं कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते. कारण खरं आणि नेमकं लिहा, ‘अभ्यासासाठी’ असं मोघम नको. त्याआधी तपासणीचा अर्ज करून फाइल डोळ्यांखालून घाला आणि हवे ते निशाणी क्रमांक, म्हणजे फाइलीतल्या कागदांवरचे कोर्टाचे नंबर, वहीत उतरवा. नकलेच्या अर्जात नुसतं ‘आदेशाची नकल’ लिहिलं तर तेवढंच एक पान हातात पडतं. ‘निशाणी १ परिशिष्टांसह, वारसांची संमतीपत्रं, बजावणी अहवाल, रोजनामा’ असं सविस्तर मागा. जुन्या फाइलींचे काही भाग ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, तेव्हा ‘आदेश आहे, बाकी नाही’ असंही उत्तर मिळू शकतं. तसं झालं तर ते उत्तर लेखी घ्या आणि रिपोर्टला जोडा.