सोलां राखताना वाचायची पुस्तकं

मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घराच्या गच्चीवर सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत असतात. भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली उन्हात घालायच्या, रसात बुडवून पुन्हा पसरायच्या, असे कितीतरी दिवस. शेजारी आंब्याची साठं, आणि त्यांच्यावर कावळ्यांचा डोळा. राखण माझ्याकडे असते, आणि उन्हाळ्यातलं माझं सगळं वाचन जिन्याच्या सावलीत बसून ही राखण करतानाच होतं. दर दहा मिनिटांनी उठावं लागतं. म्हणून माझ्यापुरतं हलकं पुस्तक कोणतं, तर उठून आल्यावर मागचं पान न चाळता ज्यात पुन्हा शिरता येतं ते.

पुस्तक विनोदीच हवं असं नाही. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी घेऊन बसले. एकाच आडनावाचे चार सरदार! साठं उलटून येईपर्यंत कोण कोणाचा पुतण्या, हे डोक्यातून गेलेलं असायचं. पाऊस लागला तेव्हा मी नव्वदाव्या पानावर होते. तीच कादंबरी पुढे आषाढात, बाहेर धो धो पाऊस असताना, मी आठ दिवसांत आनंदाने संपवली. चूक पुस्तकाची नव्हती, वेळ चुकली होती.

तेव्हा निवड करण्याआधी आपल्याला काय आवडतं ते नीट पाहा. 'मला सामाजिक आवडतं', 'मला रहस्यकथा आवडतात' एवढ्यावर थांबू नका. गेल्या वर्षभरात शेवटपर्यंत वाचलेली पाच पुस्तकं वहीत लिहा आणि त्यांच्यापुढे अर्ध्यावर सोडलेली पाच. सोडलेल्यांचं पान आणि कारणही लिहा. ती यादी खूप बोलते. मी केली तेव्हा कळलं, की मला विषयाशी फारसं देणंघेणं नाही. ज्यात माणसं घरात बसून बोलतात ते मी वाचते, आणि दोन-दोन पानं निसर्गवर्णन आलं की पुस्तक मिटते.

मग वाचनालय गाठा. आम्ही एप्रिलअखेर पणजीला जातो, पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात. कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. 1832 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि आज मराठी पुस्तकांच्या कपाटांपुढे माझा अख्खा दिवस जातो. तिथे पुस्तकाचं पहिलं पान वाचून ठरवू नका. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं. मधलं कुठलंही उघडा आणि उभ्याउभ्या दोन पानं वाचा. तिसरं पान आपोआप उलटलं गेलं, तर पुस्तक पिशवीत टाका. शिवाय ते एका हातात थोडा वेळ धरून बघा. मनगट भरून आलं तर ते पुस्तक आडवं पडून वाचायचं नाही.

कथासंग्रह उन्हाळ्याला फार सोयीचे. सोलां एकदा बुडवून पसरली की पुढच्या फेरीपर्यंत एक कथा होते. कथाकार महादेवशास्त्री जोशी आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेडे गावचे. त्यांच्या कथांतलं गाव वाचताना कुठे काही समजावून घ्यावं लागत नाही, आणि उन्हात तेवढाही दिलासा मोठा असतो.

दुसऱ्यासाठी पुस्तक निवडताना जास्त जपावं लागतं. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, आता अक्षर दिसत नाही, मी वाचून दाखवते. म्हातारं माणूस म्हणून मी दोन वर्षं पोथ्या आणि संतचरित्रंच आणली. त्या ऐकता ऐकता डुलक्या घेत. मग एका दुपारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडली. नवऱ्याने 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या बाईची काय तारांबळ उडाली, ते सारं त्यात आहे. विषय जड. पण भाषा अशी, की शेजारीण पायरीवर बसून सांगते आहे. आई उठून बसल्या. "मगे?" म्हणाल्या, म्हणजे 'मग पुढे?' दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर चष्म्याचं घर त्यांनीच माझ्या हातात दिलं. त्यांना देवाधर्माचं नको होतं, बाईमाणसाचा संसार ऐकायचा होता, आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

पुस्तकं तीनच आणा: एक नक्की आवडेल असं, एक कधी न वाचलेल्या प्रकारातलं, एक घरातल्या दुसऱ्या कोणासाठी. पहिल्या दिवशीच वर्तमानपत्राचं कव्हर घाला. भिरंडाचा डाग कागदावरून जात नाही. मानकुराद आंबा खाऊन झाल्यावर हात साबणाने धुऊन, पुसून मगच पुस्तकाला लावा. आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी परत करा. आमच्याकडे दमट हवेत चार दिवसांत पुठ्ठ्याला बुरशी धरते.

यंदाच्या पिशवीत दोन कथासंग्रह आहेत. तिसरं पुस्तक आईंचं, ते त्यांनाच विचारून आणणार आहे. "रांदपाची गजाल आसूं दी," म्हणजे स्वयंपाकाच्या गोष्टी असू देत, एवढं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.