मोटरसायकलचे सुटे भाग विमानाने नेताना

लडाखमध्ये गाडी अडली आणि हवा असलेला भाग लेहच्या बाजारात मिळाला नाही, तर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या सामानातून तो मागवणे हाच सर्वांत जवळचा मार्ग ठरतो. विमानतळावर मात्र ‘मोटरसायकलचे पार्ट्स आहेत’ एवढे सांगताच काउंटरवरचे कर्मचारी सावध होतात आणि त्यांची ही सावधगिरी रास्तच आहे. ज्या सामानात धोकादायक वस्तू दडलेली असू शकते, अशा सामानाच्या आयाटाने (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) केलेल्या यादीत वाहनांच्या सुट्या भागांचा समावेश आहे. म्हणून भाग कोणता आहे यापेक्षा त्याच्या पोटात आज काय आहे आणि पूर्वी काय होते, हे आधी पाहावे.

क्लच प्लेट, ब्रेक शू, स्प्रॉकेट, बेअरिंग, केबल असे कोरडे भाग चेक-इन सामानात सहसा विनातक्रार जातात. चेन आणि पाने (स्पॅनर) केबिनच्या बॅगेत ठेवू नयेत, कारण सुरक्षा तपासणीत ते काढून घेतले जातात.

खरी अडचण इंधनाची आहे. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे वापरलेला कार्बोरेटर किंवा फ्यूएल पंप वरवर कोरडा दिसला तरी त्याच्या बारीक वाटांत उरलेले चार थेंब त्याला नियमबाह्य ठरवण्यास पुरेसे असतात. शक्य असेल तर बंद खोक्यातला नवा भाग बिलासह न्यावा. जुनाच न्यायचा असेल, तर तो पूर्ण रिकामा करून, उघडून, धुऊन, पेट्रोलचा वास अजिबात येईनासा होईपर्यंत मोकळ्या हवेत वाळवावा आणि विमान कंपनीची लेखी संमती आधीच घ्यावी. वापरलेली टाकी प्रवासी सामानात नेण्याचा विचारही करू नये.

बॅटरीच्या बाबतीत तिच्यावर छापलेले आकडेच निर्णायक असतात. आम्ल सांडू शकेल अशी, म्हणजे पाणी भरावी लागणारी, बॅटरी प्रवासी सामानात चालत नाही. सीलबंद, न सांडणारी बॅटरी 12 व्होल्ट आणि 100 वॉट-तास या मर्यादेत असेल, तरच नेता येते आणि अशा जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या चालतात. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणले की वॉट-तास मिळतात: 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची बॅटरी 96 वॉट-तासांची, म्हणून मर्यादेत बसते, 14 अँपिअर-तासांची 168 वॉट-तासांची होते आणि ती बसत नाही. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये कधीही टाकू नये, तिची जागा केबिनमध्येच. 100 ते 160 वॉट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि संख्या दोनपेक्षा अधिक चालत नाही. कोणत्याही बॅटरीच्या टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावलेलीच असावी.

नायट्रोजन भरलेला शॉक अॅब्सॉर्बर हा दाबाखालच्या वायूचा भाग मानला जातो, त्यामुळे तो घरून निघण्याआधीच कंपनीला विचारून घ्यावा. पुढच्या चाकाचा तेलाचा फोर्क पूर्ण रिता करावा, टायरच्या ट्यूबमधली हवा सोडावी. कार्बोरेटर क्लीनर, ज्वलनशील चेन स्प्रे आणि पंक्चरचे रबर सोल्यूशन घरीच ठेवावे. ते पोहोचल्यावर स्थानिक दुकानातून घेणे सोपे पडते.

वजनाकडेही लक्ष असावे. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर अनेकदा 15 किलोचीच मुभा असते आणि एकच नग 32 किलोपेक्षा जड असू नये हा सर्वसाधारण दंडक आहे. धारदार कडांना जाड पुठ्ठा गुंडाळून भाग मजबूत खोक्यात भरावेत. मात्र खोके असे बांधावे की तपासणीसाठी उघडून पुन्हा बंद करता येईल. वरच भागांच्या नावांची यादी आणि बिलांच्या प्रती ठेवाव्यात. काउंटरवर ‘पार्ट्स’ असे मोघम न सांगता ‘नवी क्लच प्लेट, इंधनाचा संबंध नाही’ असे नेमके सांगितले, तर पुढचे प्रश्न पुष्कळ कमी होतात. एवढे करूनही कर्मचाऱ्यांनी नकार दिला, तर तिथे वाद घालण्यात वेळ दवडू नये; अंतिम निर्णय त्यांचाच असतो. धोकादायक मालाची घोषणापत्रे करून देणाऱ्या कार्गो एजंटकडे, किंवा घाई नसेल तर रस्त्याने जाणाऱ्या पार्सल सेवेकडे तो भाग सोपवावा.