दिवे घाटातली पहिली ड्युटी आणि 48 शुगर

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी वारीतल्या वैद्यकीय पथकात पहिल्यांदा गेले. यंदा जाणार असाल तर आधी तिथी बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. पोटात उपास, समोर दिवे घाट, आणि मधुमेहाची गोळी मात्र पहाटेच घेतलेली. "डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी चुकवायची नाही," असं आजोबा वर ठणकावून सांगतात. काय बोलणार!

चढाला लागता लागता असेच एक माउली खाली बसले. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते, नाव विचारलं तर भलतंच उत्तर. भोवतीच्यांनी उन्हाची चक्कर ठरवून टाकली, एकजण कांदा फोडायला धावला. साधी भोवळ असेल तर माणूस आडवा केला, पाय जरा उंच केले की मिनिट-दोन मिनिटांत सावध होतो. हे होईनात. मी ग्लुकोमीटर लावला. 162! शुगर उतरली असेल असं वाटलं होतं, ही तर चढलेली. गोंधळलेच. आमच्या सिस्टरांनी काही न बोलता त्यांचं बोट धुतलं, कोरडं केलं, पुन्हा टोचलं. 48. दिंडीत केळी सोलून वाटत होते म्हणे, स्वतः निर्जळी. बोटाचा चिकटाच मीटरने मोजला होता.

70 च्या खाली गेली की शुगर उतरली समजा. माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात कालवून पाजा. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. साखरही चालते, पण पिशवीत ग्लुकोजच असू द्या. कित्येकांच्या गोळीत व्होग्लिबोज असतं, त्यामुळे साखरेचं ग्लुकोज व्हायला उशीर लागतो. पेढा, चॉकलेट नको, स्निग्धामुळे तेही सावकाश चढतं. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबसुद्धा घालू नका, श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा, 108 ला फोन लावा. शिरेतून ग्लुकोज द्यायचं काम डॉक्टरांचं.

आमचे माउली ग्लुकोज पिऊन ताजेतवाने झाले. "राम कृष्ण हरी" म्हणाले, पताका उचलली आणि चालू लागले. मी खूश. दोन तासांनी तेच स्ट्रेचरवरून परत आले. त्यांच्या पिशवीतली गोळी ग्लिमेपिराइडची निघाली. तिचा अंमल दिवसभर टिकतो, ग्लुकोज ओसरलं की शुगर पुन्हा घसरते. ते पाकीट मी पहिल्याच वेळी बघायला हवं होतं.

आता मी अशा कुणालाही सोडत नाही. शुगर वर आली की आधी पोटभर खायला घालते, मग गाडीतून दवाखान्यात. उपास मोडायला तयार नसतात, तेव्हा वाद घालू नका, साबुदाण्याची खिचडी पुढे करा. तेही नाही म्हणाले तर त्यांच्या दिंडीतल्या विणेकऱ्याला बोलावून आणा. माझं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतात.