इंटरकूलरच्या पाइपात ऑइल येत होतं, घरगुती कॅच कॅनने थांबलं

डिझेल टर्बो गाडी, इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) पाइप कायम तेलकट. क्लॅम्प बदलले, टर्बोचा शाफ्ट हलवून बघितला, ठीक होता, तरी गॅरेजवाला टर्बोच बदला म्हणत बसला, डोकं फिरलं. ऑइल येत होतं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली तेलकट वाफ टर्बोच्या इनलेटला (हवा आत घेणाऱ्या तोंडाला) सोडणाऱ्या पाइपातून. म्हणून मध्ये कॅच कॅन बसवला, म्हणजे त्या वाफेतलं ऑइल अडवणारा डबा.

जाड स्टीलच्या डब्याच्या झाकणाला दोन निपल वेल्ड केले, आत येणारी नळी तळाच्या जरा वरपर्यंत, बाहेर जाणारी झाकणालगत, मध्ये तारेची घासणी आणि तिच्यावर घट्ट जाळी, नाहीतर तार तुटून टर्बोत जायची. मग इंजिन थंड असताना ब्रीदर पाइप टर्बोच्या इनलेटकडून काढून डब्याला लावला, डब्यातून ऑइलला टिकणारा होज इनलेटला. होज मूळच्याच साइजचा घ्या, बारीक घेतला की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) प्रेशर वाढून सील गळतात. बागेचा पाइप तर नकोच, गरम होऊन चपटा होतो. डबा वरचेवर रिकामा करायचा, थंडीत पांढरट पाणीही जमतं.