जीसीसी १३ वर जाण्याआधी मेकफाइल चाळा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असा की फर्मागुढीच्या लॅबमध्ये, जुना सी कोड हाती आला असेल तर जीसीसी हा कंपायलर बदलण्याआधी मेकफाइलमधली (कोड कसा बांधायचा हे ‘मेक’ला सांगणारी फाइल) सीफ्लॅग्सची, म्हणजे कंपायलरला द्यायच्या पर्यायांची, ओळ बघा. तिथे ‘-जीस्टॅब्स’ किंवा ‘-जीस्टॅब्स+’ दिसलं की काढायचं. स्टॅब्स हे डीबग माहितीचं जुनं स्वरूप जीसीसी १२ मध्ये (२०२२) कालबाह्य ठरलं आणि १३ मध्ये (२०२३) काढूनच टाकलं. बरं झालं, खरं तर. डॉर्फ हे नवं स्वरूप असताना ते ओझं कशाला वाहायचं?

शोधताना ‘ग्रेप’ कमांडला पुढचा डॅश देऊ नका, तो त्याला स्वतःचाच पर्याय समजतो. नुसतं ‘जीस्टॅब्स’ शोधा, आणि फक्त मेकफाइलमध्ये नाही, शेल स्क्रिप्टमध्येही.

बदली म्हणून साधं ‘-जी’ पुरतं. मात्र जीसीसी ११ पासून बहुतेक ठिकाणी ‘-जी’ म्हणजे डॉर्फ ५, आणि हार्डवेअर बोर्डासोबत आलेला जुनाट जीडीबी डीबगर ते वाचू शकला नाही तर ‘-जीडॉर्फ-४’ लिहा.

मग ‘मेक क्लीन’ कराच. नुसता फ्लॅग बदलला म्हणून मेक जुन्या ऑब्जेक्ट फाइल पुन्हा बांधत नाही, आणि तुम्ही उगाच डोकं खाजवत बसता. शेवटी बांधलेल्या फाइलवर ‘रीडएल्फ -एस’ (कॅपिटल एस) चालवून विभागांची नावं वाचा: ‘.डीबग_इन्फो’ हवं. ‘.स्टॅब’ अजून दिसतंय? बहुधा कुठली तरी तयार ‘.ए’ लायब्ररी जोडली जातेय. ती ज्यांनी दिली त्यांच्याकडून नवी मागून घ्या.