टेंपीत एमएसला येताय? आधी उन्हाचं बघा

अमेरिकेत टेंपीच्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आला की सगळे व्हिसा, फोरेक्स कार्ड आणि बॅगेच्या वजनामागे लागतात, उन्हाबद्दल कुणी विचारत नाही. त्यात आपण अकोला-नागपूरकडचे असलो की वाटतं 45 डिग्री आपल्याला काय नवीन. मलाही तसंच वाटायचं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, आपण निघतो ऐन श्रावणात, अंगाला पावसाळ्याची सवय झालेली असते, आणि उतरतो ते 42-43 डिग्रीत, रात्री दहालाही गरम हवाच अंगावर येते. 2023 मध्ये तर शेजारच्या फिनिक्सला 30 जूनपासून सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट म्हणजे साधारण 43 डिग्री किंवा त्याच्या वर गेला होता.

म्हणून घर बघताना नुसतं भाडं बघू नका. मॅपवर घरापासून लाइट रेलच्या (इथली ट्रामसारखी गाडी) स्टॉपपर्यंत किती चालावं लागतं आणि त्या रस्त्याला झाडं आहेत का ते स्ट्रीट व्ह्यूवर बघाच. महिन्याला पन्नास डॉलर वाचवायला पंचवीस मिनिटं लांब राहिलात तर दुपारी दोनच्या लेक्चरला जाताना रोज पस्तावाल. दुसरं म्हणजे एसी. आमचा पहिल्याच आठवड्यात बंद पडला आणि घरमालकाचा माणूस चार दिवसांनी आला, तेव्हापासून सगळ्यांना सांगते, लीजवर सही करायच्या आधी एसी लावून दाखवायला सांगा, बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त करणार ते लेखी घ्या. काही जुन्या घरांत आपल्यासारखे कूलर असतात, ते जूनच्या कोरड्या हवेत मस्त चालतात पण जुलै-ऑगस्टमध्ये इथलाही मान्सून येतो, हवा दमट होते आणि मग नुसती चिकचिक.

पाण्याचं तर खास सांगायचंय. इथे घाम येतो पण दिसत नाही, क्षणात वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही आणि एकदम डोकं दुखायला लागतं. तहान लागायची वाट बघू नका. मी रात्री बाटली अर्धी भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवते, सकाळी वरून पाणी घालते, बर्फ दुपारपर्यंत पुरतो. येताना इलेक्ट्रालची पाकिटं, व्हॅसलीन आणि दोन-तीन सुती दुपट्टे आणा, तोंडाला बिनधास्त बांधा. नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका, हवा कोरडी असली की होतं असं, पण वारंवार यायला लागलं तर दाखवून घ्या. आणि हो, ऑगस्टमध्ये थंड नळालाही गरम पाणी येतं, गीझर बिघडलाय म्हणून तक्रार करू नका. बाहेर ही भट्टी असली तरी लायब्ररीत एसीने हुडहुडी भरते, बॅगेत एक स्वेटर असू द्या.

धुळीचं वादळ येतं त्याला इथे हबूब म्हणतात, समोरची गाडीसुद्धा दिसत नाही. गाडीत असाल तर रस्त्याच्या पार कडेला घ्या, हँडब्रेक लावा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा माणूस तुम्हाला चालती गाडी समजून तुमच्या मागे येतो आणि आदळतो.

अजून एक, व्हॅली फीवर. इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होतो, खोकला, ताप, आठवडेच्या आठवडे थकवा, साधा न्यूमोनियाच वाटतो. बुरशी असल्यामुळे अँटिबायोटिकने काही होत नाही, वेगळी टेस्ट करायला लागते. सुट्टीत घरी गेलात आणि तिकडे असा खोकला सुरू झाला तर आपल्या डॉक्टरांना आधी हे सांगा की मी अ‍ॅरिझोनात राहतो, कारण तिकडे हा आजार नसल्यासारखाच, त्यांच्या डोक्यात तो येणार नाही.