क्लॅमएव्ही: वेगवेगळ्या लिनक्स वितरणांवर बसवणे आणि अडचणी सोडवणे

लिनक्सला अँटिव्हायरसची गरज नसते, हे विधान एकट्याने वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपपुरते बऱ्याच अंशी टिकते. मात्र ज्या सर्व्हरवरून कार्यालयातील विंडोज संगणकांना सांबामार्फत (लिनक्सवरून विंडोजला फायली पुरवणारे सॉफ्टवेअर) फायली मिळतात, जो ईमेल हाताळतो किंवा ज्याच्या संकेतस्थळावर अनोळखी लोक फायली अपलोड करतात, तेथे ते टिकत नाही, कारण सर्व्हरला स्वतःला काही झाले नाही तरी बाधित फाईल त्याच्यामार्फत पुढे पोहोचते. या कामासाठी क्लॅमएव्ही हा मुक्तस्रोत पर्याय जवळजवळ सर्व प्रमुख वितरणांसाठी, म्हणजे उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांसाठी, उपलब्ध असून सिस्को कंपनीचा टॅलोस विभाग त्याची देखभाल करतो.

क्लॅमएव्ही हा एकच प्रोग्रॅम नाही, हे आधी समजून घेतले तर पुढचा बराच त्रास वाचतो. 'फ्रेशक्लॅम' व्हायरसचा डेटाबेस उतरवून ताजा ठेवतो. 'क्लॅमडी' ही सेवा तो डेटाबेस मेमरीत घेऊन पार्श्वभूमीला चालू राहते आणि 'क्लॅमडीस्कॅन' तिच्याकडे फायली तपासायला देतो. 'क्लॅमस्कॅन' मात्र स्वतंत्र आहे. तो प्रत्येक वेळी संपूर्ण डेटाबेस नव्याने वाचतो, म्हणून एका लहान फाईललाही वेळ घेतो, आणि तो बिघाड नव्हे. अडचण आली की या चौघांपैकी नेमके कोण अडले आहे, हा पहिला प्रश्न असावा.

खालील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. डेबियन, उबुंटू आणि मिंटवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्लॅमएव्ही क्लॅमएव्ही-डेमन' एवढे पुरते. फ्रेशक्लॅमची सेवा सोबत येते आणि आपोआप सुरूही होते. फेडोरावर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल क्लॅमएव्ही क्लॅमडी क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम' द्यावे. रॉकी आणि अल्मा लिनक्सवर हीच आज्ञा चालते, परंतु त्याआधी 'एपेल-रिलीज' हे पॅकेज बसवून एपेल हे जादा पॅकेजेसचे भांडार जोडावे लागते. ओपनसुसेवर 'झिपर इन्स्टॉल क्लॅमएव्ही' आणि आर्चवर 'पॅकमन -एस क्लॅमएव्ही' द्यावे, ज्यात एस हे अक्षर मोठे असते.

सेवेचे नाव मात्र सर्वत्र एक नाही, आणि इंटरनेटवरून उचललेली आज्ञा 'अशी सेवा सापडली नाही' असे उत्तर देते ते बहुधा यामुळेच. डेबियन कुटुंबात आणि आर्चवर ती 'क्लॅमएव्ही-डेमन' आहे, ओपनसुसेवर 'क्लॅमडी', तर फेडोरा कुटुंबात 'क्लॅमडी@स्कॅन'. फेडोरा कुटुंबात '/ईटीसी/क्लॅमडी.डी/स्कॅन.कॉन्फ' ही फाईल उघडून 'लोकलसॉकेट' या ओळीच्या सुरुवातीचे हॅश चिन्ह (#) काढावे लागते, म्हणजे ती ओळ लागू होते. 'एक्झाम्पल' अशी एकटी ओळ हॅशशिवाय असेल तर तिच्या सुरुवातीला मात्र हॅश लावावा, अन्यथा सेवा सुरू होण्यास नकार देते.

डेबियन-उबुंटूवर बसवल्याबरोबर अनेक जण हाताने 'सुडो फ्रेशक्लॅम' चालवतात आणि लॉग फाईल दुसऱ्या प्रक्रियेने अडवली आहे, असा संदेश पाहून गोंधळतात. येथे काहीच बिघडलेले नसते. तेच काम सेवा आधीपासून करत असते. घाई असेल तर 'सिस्टेमसीटीएल स्टॉप क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम' देऊन सेवा थांबवावी, डेटाबेस ताजा करावा आणि सेवा पुन्हा सुरू करावी. याच सुमारास क्लॅमडी सुरूच होत नसेल तर '/व्हार/लिब/क्लॅमएव्ही' या फोल्डरमध्ये 'मेन' आणि 'डेली' या नावांच्या फायली आल्या आहेत का ते पाहावे, कारण त्या नसतील तर क्लॅमडी चालू शकत नाही.

डेटाबेस उतरवताना ४२९ किंवा ४०३ हा त्रुटी-क्रमांक दिसला तर आज्ञा पुन्हा पुन्हा चालवू नये. ४२९ म्हणजे त्या आयपी पत्त्यावरून फार मागण्या झाल्या आहेत. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक संगणक असलेल्या संस्थांत हे घडते. तेथे 'सीव्हीडीअपडेट' या साधनाने एकदाच डेटाबेस उतरवून तो अंतर्गत सर्व्हरवरून वाटणे योग्य. कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या वेगळ्या, तात्पुरत्या वातावरणात) क्लॅमएव्ही चालवणाऱ्यांनी डेटाबेसचा फोल्डर कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर ठेवावा, म्हणजे दर वेळी तो मुळापासून उतरवावा लागणार नाही. ४०३ दिसल्यास आवृत्ती तपासावी, कारण समर्थन संपलेल्या जुन्या आवृत्त्यांना डेटाबेस नाकारला जातो.

भाड्याने घेतलेल्या लहान सर्व्हरवर सर्वाधिक त्रास मेमरीचा होतो. संपूर्ण डेटाबेस मेमरीत राहत असल्याने क्लॅमडीला सुमारे १ गिगाबाइट किंवा त्याहून अधिक रॅम लागते, आणि नवा डेटाबेस येताना जुना तसाच ठेवून नवा भरला जात असल्याने ही गरज काही काळ जवळपास दुप्पट होते. सेवा दिवसातून एकदा कारणाशिवाय बंद पडत असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद शोधावी. 'कॉन्करंटडेटाबेसरीलोड' ही मांडणी 'नो' केल्यास दुप्पट भार टळतो, मात्र डेटाबेस बदलेपर्यंत तपासणी थांबते. १ गिगाबाइट रॅमच्या सर्व्हरवर क्लॅमडीचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे क्लॅमस्कॅनही जड जाईल, म्हणून तपासणी दुसऱ्या सक्षम संगणकाकडे सोपवावी.

क्लॅमडीस्कॅन 'परवानगी नाकारली' असे म्हणत असेल तर क्लॅमडी वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि तिला तुमची फाईल वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. यासाठी क्लॅमडीला रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार देणे धोक्याचे आहे; '--एफडीपास' हा पर्याय जोडला की फाईल तुमच्या अधिकारांनी उघडून तिच्याकडे दिली जाते. एसईलिनक्स ही जादा सुरक्षा-यंत्रणा असलेल्या वितरणांवर 'सेटसेबूल -पी अँटिव्हायरस_कॅन_स्कॅन_सिस्टम १' हेही लागते, ज्यात पी मोठा असतो. एसईलिनक्सच बंद करण्याचा सल्ला मानू नये.

सर्व जागेवर बसल्याची खात्री आयकार या निरुपद्रवी चाचणी-फाईलने करावी. ही ६८ अक्षरांची मजकूर-ओळ अँटिव्हायरसने मुद्दाम ओळखायची असते, त्यामुळे ती पकडली गेली नाही तर मांडणीत दोष आहे. प्रत्यक्ष तपासणीसाठी 'क्लॅमस्कॅन -आर -आय' आणि फोल्डरचे नाव द्यावे; '/प्रोक' आणि '/सिस' हे फोल्डर वगळावेत, कारण त्यांत डिस्कवरच्या खऱ्या फायली नसतात. सापडलेली फाईल थेट पुसणारा '--रिमूव्ह' वापरू नये, कारण निर्दोष फाईलवरही कधी कधी ठपका येतो. '--मूव्ह' देऊन ती वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी आणि मगच निर्णय घ्यावा. आकारमर्यादेपलीकडील फायली पूर्ण न तपासताच निर्दोष म्हणून दाखवल्या जाऊ शकतात, म्हणून मोठ्या झिप किंवा आयएसओ फायली येणाऱ्या सर्व्हरवर 'मॅक्सफाईलसाइझ' आणि 'मॅक्सस्कॅनसाइझ' या मांडण्या आपल्या गरजेनुसार वाढवून घ्याव्यात.